दिवा लावायच्या आधी

त्या दिवशी लूमच्या शेठनं पगार खात्यात टाकला तेव्हा अंधारून आलं होतं. साड्यांना लेस लावायचं मशीन आम्ही क्रेडिट कार्डावर बिनव्याजी हप्त्यांनी घेतलं होतं आणि हप्ता भरायचा तो शेवटचा दिवस. गोडादऱ्यातल्या आमच्या खोलीत शिरल्या शिरल्या मी मोबाइल काढला. माझी बायको चंचल नुकतीच देवापुढे दिवा लावून उठत होती. "आता नका भरू हो," ती म्हणाली. "दिवेलागणीला लक्ष्मी घराबाहेर काढत नाहीत. सकाळी भरा." माझी आईपण हेच म्हणायची. मी मोबाइल खिशात ठेवला आणि सकाळी उठल्या उठल्या पैसे भरले. दुपारी बँकेचा मेसेज आला. हप्ता उशिरा भरला म्हणून बिनव्याजी ऑफर रद्द, आता सगळ्या बाकीवर व्याज. मी फोन लावून विनवण्या केल्या. पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर, रूल तो रूल है." चंचलचाही नियमच होता, तिला काय बोलणार? मशीन विकून टाकावं, तर मग व्याज कशातून भरायचं? चंचल आता पहाटेपासून त्याच्यावरच बसलेली असते. पुढचा पगार द्यायलाही शेठनं अंधार केला. मी धावत घरी आलो, तर देवापुढे दिवा नव्हता. खोलीत फक्त मशीनचा बारका बल्ब जळत होता आणि चंचलच्या मांडीवर काडेपेटी होती. लेस सरकवत, मान वर न करता ती म्हणाली, "आधी पैसे भरा. मग दिवा लावते."