बर्फावरची नखं

साहेब, तुमच्यापैकी एकानंही कारखान्यातल्या लादीपलीकडचा बर्फ पाहिला नव्हता. तरी निवडायला बसलात तुम्हीच. मे महिन्यात, नागपूरच्या लष्करी डेपोत, कडुलिंबाखाली, पन्ह्याचे गिलास हातात घेऊन.

ओल्या पोत्यांवर बर्फाच्या लाद्या ठेवल्या होत्या. हातगाडीवरून येईपर्यंतच त्या निम्म्या झालेल्या. शेजारी टेबलावर पोलादी नखांचे दोन नमुने. हिमनदीवर धावणाऱ्या स्नो-स्कूटरच्या बुडाशी ती बसवायची होती. आणि टेबलाच्या टोकाला, खुर्ची न मिळालेला रुपराव.

रुपराव मूळचा काटोलकडचा. दोन हिवाळे त्यानं वर हिमनदीवर ती स्कूटर हाकली. पायाची बोटं तिथंच ठेवून खाली आला, तेव्हा त्याला डेपोच्या गोदामावर बसवलं. आज अनुभवी माणूस म्हणून त्याला बोलावणं होतं.

खाली आल्यापासून त्याचं कोणाशीच जमेना. बर्फात इंजिन तापतं, एवढं म्हटलं की लोक हसत. पानठेल्यावर हसत. गावी बायको प्रेमिलासुद्धा म्हणाली होती, "ऊन लागलं काय जी तुमाले? बर्फात अन् गाडी तापते?"

तो समजावून पाहायचा. कूलरसारखं आहे ते. खस ओली असली तरच कूलर थंड हवा फेकतो. तसा गाडीखालच्या फिरत्या पट्ट्यानं उडवलेला भुसभुशीत बर्फ गाडीच्या बुडाला लागला, तरच इंजिन थंड राहतं. निळा, टणक बर्फ आला की काही उडत नाही. खस कोरडी पडली. मग दोन्ही बाजूंनी नखं खाली सोडायची. त्यांनी बर्फ ओरबाडायचा, भुगा उडवायचा. ऐकणारा तोवर दुसऱ्याच गोष्टीवर गेलेला असे. शेवटी रुपरावानं सांगणंच सोडलं. खोलीवर यायचा, स्टोव्ह पेटवायचा, एकट्यापुरतं रांधायचा. ज्याला यातलं काही समजवावं लागलं नसतं, तो त्याचा तिथला जोडीदार गोविंदा अजून वरच होता. टेबलावरच्या दोन नमुन्यांपैकी एक त्याच्याच गाडीला लागणार होता.

शिपायानं पहिला नमुना लादीवरून ओढला. जाड, ताठ सळई. भिजल्या मातीत फाळ शिरावा तशी ती शिरली. पांढरा कीस उडून थेट तुमच्या बुटांवर पडला.

"वा!"

दुसरा नमुना पीळदार तारेचा, लवचिक. त्यानं जेमतेम रेघ ओढली. उन्हानं घामेजलेल्या त्या लादीवर चमचा ओढला असता तरी कीस निघाला असता. पण ते बोलणार कोण?

"सळईच," तुमच्यातले मोठे साहेब म्हणाले. "काय रुपराव?"

"साहेब, पुढं जाताना सळई बेस हाय. पण गाडी रिव्हर्स घेतली का ते बर्फात रुतते अन् मोडते. तार वाकते, मोडत नाही. वर मधातच भेग लागते. रिव्हर्स घ्याच लागते, साहेब."

साहेबांनी गिलास खाली ठेवला.

"आपला जवान मागं हटत नसतो, रुपराव!"

एकानं टेबल थोपटलं. बाकीचे हसले. रुपरावाला ते हसू ओळखीचं होतं, पानठेल्यावरचंच. सळई पास झाली. त्याच्याही हातात पन्ह्याचा गिलास आला. तो ते पन्हं गुमान प्यायला.

पोळा गेला, दिवाळी गेली. थंडी सरत आली तेव्हा गोविंदाला नागपूरच्या दवाखान्यात आणल्याचं कळलं. रुपराव रिक्षा करून गेला. गोविंदाचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. बोटांचं काय झालं ते रुपरावानं विचारलं नाही. स्टूल ओढून बसला आणि संत्रं सोलून एकेक फोड त्याला भरवू लागला.

आणि बोलत सुटला. निळ्या बर्फाबद्दल, तापमान दाखवणाऱ्या काट्याबद्दल, इंजिनाच्या त्या जळक्या वासाबद्दल. गोविंदा मान हलवत होता. हसला नाही. एकदा तर मधेच म्हणाला, "अन् आवाज बदलते गा, नाही?" रुपरावाचे डोळे भरून आले. खाली आल्यापासून इतकं पोटभर तो कोणाशी बोललाच नव्हता.

"झालं कसं पण?" त्यानं विचारलं.

"भेग दिसली. मांगं घेतली. कटकन दोन्ही नखं गेली. वापस येताना सारा निळा बर्फ. गाडी तापून बसली. मंग पायीच."

"तारेची जुनी नखं होती ना तुह्याजवळ? ते काहून काढली गा?"

"काढतच नव्हतो. सारेच अडून बसले होते. हे सळई रिव्हर्समंधी मोडन, म्हणे. मंग साहेबानं सांगितलं, नागपूरले निवडताना रुपराव हजर होता." गोविंदानं तोंडातली बी जिभेनं ओठांवर आणली. ती टिपायला हात उचलला, पट्टी पाहिली, परत खाली ठेवला. "मंग मीच म्हटलं साऱ्याईले, रुपराव होता ना तिथं? लावा मंग डोळे मिटून."

रुपरावानं त्याच्या ओठांवरची बी टिपून घेतली.

"होता ना गा तू?" गोविंदा म्हणाला. "मंग? बोल ना."