चौकट सत्ती

बंडूजींनी तिसरा पत्ता उचलला आणि त्यांचा हात तसाच थांबला. इस्पिक सत्ती, बदाम सत्ती आणि चौकट सत्ती. तीन पत्तीत असा हात जन्मात एखादवेळी येतो. पण पत्त्यांच्या या कॅटमध्ये चौकट सत्ती नव्हतीच. ती गेल्या पौषात गोमाजीबरोबर जळाली होती.

गोमाजी इथेच, पुलगावच्या भाजीबाजारातल्या या टिनाच्या शेडखाली, खेळता खेळता गेला. गडी पक्का नाटकी. हातात काही नसलं की असा आव आणायचा, की समोरच्याने घाबरून पत्ते टाकलेच पाहिजेत. त्या दिवशी तो म्हणाला, "बंडू, छातीत दुखून राह्यलं." बंडूजी हसले आणि आणखी दोन चाली चालले. नंतर त्याच्या मुठीतून दोन सत्त्या निघाल्या. तिसरी काही केल्या सुटेना, ती तशीच सरणावर गेली. त्या दोन चाली बंडूजींना वर्षभर झोपू देत नव्हत्या.

एका पत्त्यासाठी नवा कॅट कोण घेणार? बंडूजींनीच जोकरवर पेनने 'चौकट सत्ती' लिहून भागवलं होतं. आता हातात होता तो जोकर नव्हता. छापलेली लाल सत्ती होती, आणि तिचा कोपरा दुमडलेला होता. गोमाजी अंगठ्याने दुमडायचा, तसाच. दुसरे दोन पत्ते हिवाळ्याने गार होते. हा कोमट होता.

समोर गोमाजीचा मुलगा किशोर बसला होता, बापाच्याच भाजीच्या रिकाम्या कॅरेटवर. पत्ते वाटणारे वासुदेवराव केव्हाच पॅक करून, म्हणजे पत्ते टाकून, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. नाचणगावहून आणलेली वांगी, मेथी खपली की सकाळी तासभर चिंचोक्यांवर खेळायचं आणि हरेल त्याने चहा पाजायचा, हा यांचा नेम.

बंडूजी हात निवडून खेळणारे. गिऱ्हाईक भेंडीचं टोक मोडून पाहतं तसे ते पत्ते पाहत, आणि दहातले नऊ हात टाकून देत. हा हात टाकण्यासारखा नव्हता. तरी त्यांनी चिंचोक्याला हात लावला नाही. त्यांनी किशोरकडे पाहिलं. एवढ्या थंडीत त्याच्या वरच्या ओठावर घाम होता.

"काऊन रे, घाम काऊन आला तुले?"

"काई नाई काका, गॅस असन. चाला तुम्ही."

"ऊठ. दवाखान्यात जाऊ."

किशोर हसला. "बाबाचं नाटक शिकले काय तुम्ही? मले उठवून राह्यले म्हंजे तुमचा हात कच्चा हाय." त्याने चिंचोका पुढे सारला. "चाल."

बंडूजींना कळून चुकलं. पत्ते हातात आहेत तोवर ते काहीही बोलले तरी याला ते नाटकच वाटणार. वर्षापूर्वी त्यांनाही तसंच वाटलं होतं.

"पॅक," ते म्हणाले. जन्मातला सगळ्यात मोठा हात त्यांनी पालथा टाकला. "जिंकला तू. आता तं ऊठ बाबू."

किशोर उठला, आणि दुसऱ्याच पावलाला त्यांच्या अंगावर कोसळला.

दोघांनी मिळून त्याला बंडूजींच्या टेम्पोत बसवलं. त्याच्या बायकोला, गोपिकाला, घेऊन यायला वासुदेवरावांना सांगून बंडूजींनी टेम्पो हाणला.

"बरं केलं लगेच आणलं," तासाभराने डॉक्टर म्हणाले. "घरी जाऊन झोपला असता तर उठला नसता."

सलाईनची सुई नीट करायला नर्सने किशोरचा हात उचलला. मूठ अजून घट्ट मिटलेली होती. बंडूजी एक पाऊल पुढे आले. नर्सने एक एक बोट सोडवलं आणि मूठ सहज उघडली. आत चुरगळलेला एक पत्ता होता. जोकर. त्यावर बंडूजींच्याच अक्षरात 'चौकट सत्ती'.

तेवढ्यात वासुदेवराव आले. गोपिका नवऱ्याकडे धावली. वासुदेवराव खिशातला कॅट चाचपत बंडूजींच्या कानाशी आले.

"बंडूजी, वाटताना चुकलो काय मी? तुम्ही टाकले तिथं दोनच पत्ते निंगाले. दोन्ही सत्त्या."

"नाई. बरोबर वाटले तुम्ही."

बंडूजी बाहेर येऊन बाकावर बसले. बसताना, का कोण जाणे, त्यांनी शेजारी एका माणसाची जागा ठेवली. तिकडे न पाहताच ते हळू म्हणाले,

"या बारीले पॅक केलं मी, गोमाजी."