मैदानाकडची खोली

मैदानाला लागून असलेली गल्ली पाडून तिथे नवं स्टेडियम आणि टॉवर उभारायचा घाट फुटबॉल क्लबने घातला, तेव्हा अख्ख्या गल्लीत फक्त शिंपी क्लबच्या बाजूने उभा राहिला. वर्षानुवर्षं क्लबचे झेंडे तो फुकट शिवून द्यायचा. शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. बायको रोज फणकारायची, "आपलंच घर पाडणाऱ्यांचे झेंडे शिवताय. किळस कशी येत नाही तुम्हाला?"

"अगं, टॉवरमध्ये मैदानाकडे खोली असलेला फ्लॅट देतायत. आत्ता गच्चीवर टाचा उंचावून बघतो, उद्या घरात चहा पीत मॅच बघू."

हेच दारोदार सांगून त्याने एकेकाला पटवलं. गल्ली रिकामी झाली, पाडलीही गेली.

फ्लॅटचा ताबा मिळाला त्या दिवशी मैदानाकडच्या बाजूला त्याच्याच हातचा झेंडा पडद्यासारखा टांगलेला होता. शिंपी गहिवरला. बायकोला पुढे बोलावून त्याने ऐटीत झेंडा बाजूला सारला.

मागे कोरी भिंत होती.

"इथे खिडकी कशी ठेवणार, काका?" किल्ली देता देता क्लबचा सेक्रेटरी म्हणाला. "गच्च्यांवरून फुकट मॅच बघणारे हटवायचे, म्हणून तर तुमची गल्ली पाडली."