निळोखातले ठोके

या, असे जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगतो. मध्येच उठू मात्र नका.

खाणीत दरड कोसळली होती आणि लोहाराचा धाकटा भाऊ आत अडकला होता. तो खडक फक्त निळोखाच्या टोकानेच फुटायचा, आणि तो दुर्मिळ धातू गावात जेमतेम गोळाभर उरला होता. धाकट्यानेच तो आदल्या दिवशी खणून आणलेला.

लोहार सकाळपासून पहारीला टोक काढत होता. टोक छान निघायचं, पण पाणी पाजलं की धातूच्या आतून ठोके यायचे. दोन घाईचे, एक रेंगाळून. धाकटा घराचं दार असंच वाजवायचा. तिसऱ्या ठोक्याला टोक बोथट व्हायचं.

"गप की रे गाढवा!" लोहार रडकुंडीला येऊन ओरडला. "तुझ्यासाठीच मरतोय ना मी!"

"वाजू द्या, दादा," भाता ओढणारी धाकट्याची बायको म्हणाली. "वाजतंय तोवर ते आत जिवंत आहेत."

लोहाराने दात-ओठ खात टोक पुन्हा तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवून ऐरणीवर ठेवलं. तेवढ्यात दारात धाकटा उभा राहिला, धुळीने माखलेला, हसरा.

"मागच्या फटीतून निघालो, दादा! घाबरलास ना?"

लोहाराच्या हातून हातोडा गळाला.

ऐरणीवरच्या टोकाच्या आतून दोन ठोके आले. मग, रेंगाळून, तिसरा.

धाकट्याची बायको दाराकडे गेली नाही. तिने त्या टोकावर अलगद तळहात ठेवला.

मायबापहो, देवापुढे हात जोडाल तेव्हा जो अजून आत आहे, त्याची आठवण ठेवा.