सहा नंबरवाला

पाचवा गोल खाल्ला तेव्हा अंगदने मोबाईल ओट्यावर आपटायचाच बाकी ठेवला. समोर बसलेला अल्ताफ स्वतःच्या मोबाईलमध्ये बघत गालातल्या गालात हसत होता. अल्ताफचं शिरूरच्या स्टँडजवळ पंक्चरचं दुकान. फुटबॉलचा हा खेळ त्यानेच अंगदला शिकवला होता. यात आपण खेळायचं नसतं. अकरा जण निवडायचे, कोण कुठे उभा राहणार ते ठरवायचं आणि मग आपला संघ कसा मार खातो ते बघत बसायचं.

अंगदला हा मार जिव्हारी लागे, कारण माणसं निवडणं हाच त्याचा धंदा होता. तो ऊसतोडीचा मुकादम. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे बारा कोयते गोळा करून तो दरवर्षी कारखान्यावर नेई. आठ वर्षांत त्याची टोळी एकदाही मोडली नव्हती. आज यंदाची टोळी बांधायची होती. गावची रीत अशी की ज्याला यायचं त्याने आपला कोयता आणून मुकादमाच्या ओट्यावर ठेवायचा. बारा कोयते जमले की नारळ फुटायचा. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्यानंतर. तोवर कुणी कुणाला बांधलेलं नसतं. बारा भरले नाहीत तर कारखान्याचा ट्रक मिळणार नाही, आणि ट्रक नाही तर मुकादमकीही नाही. पण ती काळजी इतरांनी करायची. अंगदने पोतं अंथरून वर नारळ ठेवला होता आणि सगळ्यांना अकराची वेळ दिली होती.

अजून वेळ होता, म्हणून तो पुन्हा रचना मांडायला बसला.

पुढे चौघं लावले तर गोल तीन झाले, पण पाच खाल्ले. मागे पाच जण लावले तर एकच खाल्ला, पण केला एकही नाही. मग त्याने एका वेळी एकच माणूस हलवून बघायचं ठरवलं. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा पुढे. पद्धत मोठी शिस्तीची होती. निकाल तेवढा लागत नव्हता.

"तुझा सहा नंबरवाला कुठंय बे?" अल्ताफने विचारलं.

"बचावाच्या म्होरं नुसता हुभा राहायचा तो? बसवला बाहेर. अख्ख्या सीझनात एक गोल न्हाई त्याचा. फुकटची जागा."

फुकटची जागा अंगदला कुठेच खपत नसे. कालच त्याने टोळीतूनही एक जागा मोकळी केली होती. साखराबाई म्हणून एक म्हातारी होती. नवरा नाही, गुडघे गेलेले, त्यामुळे अर्ध्या कोयत्यातही धरता येत नव्हती. दरवर्षी ट्रकमध्ये बसून यायची, दिवसभर तोडकऱ्यांच्या कोप्यांपाशी, म्हणजे झोपड्यांपाशी, पोरासोरांत बसायची आणि संध्याकाळी भाकर खायची. "असून अडचण," असं म्हणून अंगदने तिला यंदा घरी बसायला सांगितलं. म्हणीचा उरलेला अर्धा भाग त्याला तेव्हा आठवला नाही.

"गोल करणं त्याचं कामच न्हाई," अल्ताफ म्हणाला. "तो मागलं बघतो, म्हणून बाकीचे बिनघोर पळतेत. घेऊन तर बघ."

अंगदने एक पुढचा गडी काढला आणि नाखुशीनेच सहा नंबरवाल्याला जागेवर उभं केलं. पहिल्या अर्ध्यात काहीच झालं नाही. मग बचावातले दोघं, जे आजवर जागचे हलत नव्हते, ते कडेकडेने थेट पुढे धावायला लागले. एक गोल झाला. मग दुसरा. अल्ताफचं हसू मावळलं. योगायोग असेल म्हणून अंगद आणखी तीन सामने खेळला. दोन जिंकला, एक बरोबरीत सुटला. सहा नंबरवाला पडद्यावर धड दिसलासुद्धा नाही.

"आयला!" अंगद म्हणाला. त्याला लहान लेकरासारखा आनंद झाला होता. "जमली बे टीम!"

त्याने मान वर केली. साडेबारा वाजले होते. पोत्यावर नारळ होता आणि दुसरं काहीच नव्हतं.

समोरून छबुबाई येत होती. ती आणि तिचा नवरा राधाकिशन म्हणजे अंगदच्या टोळीतला पहिल्या नंबरचा कोयता. तिच्या कडेवर पोरगी होती. हात रिकामा होता.

"कोयता कुठंय?" अंगदने विचारलं.

"पंडित मुकादमाच्या वट्यावर."

"आन् बाकीचे?"

"समदे तिथंच. बाराच्या बारा. तुमी वाट बघत बसताल म्हणून सांगाया आले."

मोबाईल हातातून सुटून पोत्यावर पडला. आठ वर्षांची टोळी एका सकाळीत गेली होती आणि तो इथे बसून गडी हलवत होता.

"कावून? पंडित काय जास्त देतो का?"

"न्हाई. तुमच्यायवढंच."

"मग मी काय कमी केलं तुमाला?"

छबुबाईने पोरगी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली. "तुमी साखरामावशीला न्हाई म्हणालात. पंडित सकाळी स्वतः गेलता तिच्या घरी."

अल्ताफनेही मोबाईल खाली ठेवला. अंगद ओट्यावरून उठला.

"अगं, ती म्हातारी उसाच्या एका कांड्यालाबी हात लावत न्हाई!"

"मावशीच्या मांडीवर आमची लेकरं असतेत, मुकादम," छबुबाई म्हणाली. "लेकरं जिथं, तिथं आमचा कोयता."