आईच्या गोळ्या

मुलीनं औषधाची पिशवी टेबलावर ठेवली आणि चपला न काढताच विचारलं, "आई, ह्या तुझ्या?"

बाळाच्या पोटदुखीचे थेंब आणायला ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती. दुकानदारानं ओळखलं आणि "आईंच्या गोळ्या आल्यात, नेता का?" म्हणत दुसरी पिशवीही तिच्या हातात दिली.

आई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. समोर तिचा नवरा, कॅप्टन, बूट काढत होता. वैमानिकांची वार्षिक तपासणी उरकून तो नुकताच आला होता. छाती, डोळे, कान, सगळं खणखणीत. काही औषधं चालू आहेत का, या प्रश्नाला त्यानं नेहमीसारखं 'नाही' म्हणून टाकलं होतं. पिशवी दिसली आणि काढलेला बूट त्याच्या हातातच राहिला.

"नाव वाचून मी फोनवर शोधलं," मुलगी म्हणाली. "डिप्रेशनच्या गोळ्या आहेत ह्या. कधीपासून घेतेस?"

"झालं असेल वर्ष," आई म्हणाली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

गोळ्या कॅप्टनच्या होत्या. पहाटे उठून, नळ मोठा सोडून, बाथरूममध्ये रडणारा माणूस तो होता. खरं सांगितलं तर त्याचं विमान बंद. काही महिने तरी नक्की, आणि पुढचं कोणी सांगावं! तेव्हा बायकोच म्हणाली होती, "माझ्या नावावर घेऊ. मला कुठे विमान चालवायचंय?" दोघं हसलेही होते त्यावर. मग डॉक्टरसमोर तिनं त्याचं सगळं दुखणं आपलं म्हणून सांगितलं. झोप लागत नाही, रडू येतं, कशात राम वाटत नाही. आणि हा शहाणा शेजारच्या खुर्चीत बसून काळजीवाहू नवऱ्यासारखी मान डोलावत होता. गोळ्यांनी गुण आला. तो हसायला लागला, जेवायला लागला, आणि गोष्ट तशीच चालू राहिली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला तेव्हा नुकतेच दिवस गेलेले. उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला?"

मुलगी खुर्चीच्या कडेवर टेकली. सोमवारी तिची रजा संपत होती. बाळ दिवसभर आजीकडे राहील असं कधीचंच ठरलं होतं. आजीनं त्यासाठी आपल्या शिकवण्या बंद केल्या होत्या. पाळणा धुऊनपुसून खिडकीपाशी आणला होता आणि टेबलाच्या कोपऱ्यांना कापूस लावून चिकटपट्ट्या मारल्या होत्या. बाळ अजून कुशीवरही वळत नव्हतं, पण आजीची तयारी जय्यत.

"आई, रागावू नकोस," मुलगी म्हणाली, "पण दिवसभर तुझ्या एकटीवर बाळ टाकायचं म्हणजे... मी पाळणाघर बघते."

"मी काही करणार नाही गं तिला."

"तसं नाही गं आई."

तसंच होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती कधीकधी अशी पंख्याखाली बसून, अगदी मायेनं दिली जाते.

बोलायची वेळ हीच होती. एक वाक्य पुरलं असतं. पण ऐकणारी नुसती मुलगी नव्हती. विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानांना उडायची परवानगी देणं हे तिचं काम होतं. तिनं हे पोटात ठेवलं नसतं, आणि ठेव म्हणायला बापाला तोंड नव्हतं. वादळातून शेकडो माणसं सुखरूप खाली आणणारा कॅप्टन स्वतःच्या घरात मूग गिळून बसला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की काढलेला बूट तो पुन्हा पायात घालू लागला.

मुलीनं वाकून बाळ उचललं. झोपेतही बाळानं आजीचं बोट मुठीत धरलं होतं. ते तिनं हळूच सोडवलं.

"बाबांना माहीत होतं?"

आता मात्र आईनं नवऱ्याकडे पाहिलं. चांगला वेळ घेऊन पाहिलं. कॅप्टन खाली मान घालून नाडी बांधत होता.

"माहीत होतं," ती म्हणाली. "त्यांनीच तर सांभाळलं मला."

मुलीचे डोळे भरून आले. ती बापाजवळ गेली आणि बाळ तिनं त्याच्या हातांत दिलं.

"एकट्यानं किती सोसलंत बाबा! तुम्ही घरी असाल त्या दिवशी हिला इथे ठेवत जाईन. तुम्ही असलात की मला काळजी नाही."

बाळ झोपेतच त्याच्या छातीशी सरकलं. पलीकडे बायको पाळण्यातली दुपटी काढून, नीट घड्या घालून मुलीच्या पिशवीत भरत होती.

"अगं, त्यात काय एवढं," कॅप्टन म्हणाला.