हुकमाचा सराव

सोलापुरातल्या टॉवेल निर्यात करणाऱ्या कचेरीत कायम व्हायचे, तर आरोहीला स्पॅनिशची तोंडी परीक्षा पास होणे भाग होते. ‘ये’, ‘बस’, ‘ऊठ’ असे एकेरी हुकूम तिला पाठ होते. पण सासरी अहो-जाहोची सवय जडल्याने ते विनवणीसारखे निघत आणि शिक्षिका मान हलवत.

“माझ्यावर सोड की हुकूम,” सासूबाई, सोनाबाई, म्हणाल्या. “परक्या भाषेत कसला आलाय मान-अपमान? फकस्त अर्थ सांगत जा.”

मग महिनाभर त्या सुनेच्या शब्दासरशी उठल्या, बसल्या, वर तिलाच दटावत राहिल्या, “आवाज चढव की. सासू हाय म्हणून भिऊ नगंस.”

आरोही पास झाली. पेढे घेऊन ती घरी आली, तर चाळीस वर्षांत नवऱ्याला ‘अवं’शिवाय हाक न मारलेल्या सोनाबाई त्यांच्यासमोर उभ्या राहून खणखणीत आवाजात म्हणत होत्या, “त्राए आग्वा.” म्हणजे, पाणी आण.

सासऱ्यांनी पेपर खाली घेतला. “म्हंजी काय गं?”

“चहा ठिवू का, असं इचारत्यात तिकडं.”